फेरफार

मकरपुऱ्याच्या आमच्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर,
तेल कुणी पाहिलेलं नाही.
तेल खाली असतं, फार खाली,
आणि ते सरकारचं.
आमच्याकडे येतं ते वरचं:
सातबारा, आठ-अ, सरकलेले हद्दीचे दगड,
बांधावरचा कडुलिंब नेमका कुणाचा
याबद्दल चार पानी अर्ज.

एकोणीस वर्षांपूर्वी टायपिस्ट म्हणून लागले.
फणसेसाहेबांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "मोडी येते?"
म्हटलं, आजोबांना यायची.
"मग वाटेत कुठे सांडली?"
आणि पुढ्यात ठेवलं गायकवाडीतलं एक पान.
आधी आखलेली ओळ,
मग तिला लोंबकळत घाईघाईने निघालेली अक्षरं.
डबा उघडण्याआधी एक ओळ. रोज.
आठ महिन्यांनी मी एकदाची 'विहीर' वाचली,
जिथे नकाशात नुसतं शेत होतं.
पाइपलाइन अकरा मीटर सरकली.
बढती नाही मिळाली.
साहेबांनी शेवउसळ खिलवली, तर्री जास्त घालून,
आणि म्हणाले, "सातात हक्क, बारात पीक.
एवढं ज्याला कळलं त्याची नोकरी झाली.
बाकी सगळी परिपत्रकं."

परिपत्रकं खूप आली.
अलकापुरीच्या हॉटेलात दोन दिवसांची प्रशिक्षणं,
गार खोली, गार समोसे,
आणि पडद्यावर जमिनीचा मालक म्हणजे
एक हसरा पिवळा गोल.
प्रमाणपत्रं आहेत माझ्याकडे. सहा. एक लॅमिनेट केलेलं.

हेत्वी नवीन आहे. उपग्रहावरून शेत मोजते.
"मोडी कशाला ताई, वरून सगळं दिसतं की."
दिसतं ना.
विहीर दिसते. विहिरीवर कोण कुणाशी बोलत नाही
ते नाही दिसत.

पादऱ्याकडचं रायजीभाई पढियारांचं शेत
खोदाईसाठी भाड्याने घ्यायचं होतं.
तिघा भावांच्या सह्या तयार, चहा तयार.
मी मागे मागे गेले, नोंदीमागून नोंद,
सत्त्याऐंशीपाशी थांबले:
हक्क कमी, बेन मंगू. पुसट अंगठा.
खाली मंजुरीची सही नाही.
शेऱ्याची चौकट कोरी, छत्तीस वर्षं कोरी.
रायजीभाई म्हणाले, "बेन तो क्यारनी सासरे."
मी म्हटलं, सासरी गेली, कागदावरून नाही गेली.

जंबुसरला मंगूबेन ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या.
सगळं ऐकलं. सोलणं थांबवलं नाही.
मग गुजरातीत एवढंच विचारलं,
"आणि तुझं नाव कुठे आहे, बेन?"

परतीच्या जीपमध्ये
मला कोठीतलं रजिस्ट्रारचं बाकडं आठवलं.
वाघोडिया रोडचा बाबांचा प्लॉट,
धाकट्या दत्तूचं लग्न,
आणि माझं हक्कसोडपत्र.
मसुदा मीच टाइप केला होता.
एकही चूक नव्हती त्यात.

मंगूबेनच्या हिश्शाचा चेक निघाला.
करारावर त्यांनी अंगठा नाही दिला, सही केली,
'मं' नंतर जरा थांबून.
वकील घड्याळ बघत राहिले. मी नाही बघितलं.

मार्चमध्ये मुलाखत होती, भूमी अधिकारी पदाची.
टेबलापलीकडे तिघे. पाण्याचे ग्लास झाकलेले.
पाइप, भाडेपट्टे, नुकसानभरपाई, कलमं:
सगळं विचारलं, सगळं सांगितलं.
शेवटी मधल्यांनी चष्मा काढला,
"पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?"

सातात, साहेब.
ओठांपर्यंत आलं होतं.

म्हटलं, जिथे कंपनी ठेवील तिथे.

जागेवर आले तर हेत्वी माझ्या खुर्चीत,
पुढ्यात मोडीचं पान, बोट ओळीखाली.
"ताई, हे 'बहीण' आहे की 'बाग'?"
डबा अजून उघडायचा होता.
मी दुसरी खुर्ची ओढली.